निर्णय होतो तिथे लीगल हेड केव्हा पोहोचतो?

मुंबई-पुण्याच्या कंपन्यांत लीगल हेडचं, म्हणजे विधी विभागाच्या प्रमुखाचं, पद गेल्या पंधरा-वीस वर्षांत बरंच वर सरकलं. पूर्वीचा लॉ ऑफिसर नोटिसांना उत्तरं द्यायचा, बाहेरच्या वकिलांची बिलं तपासायचा, कोर्टाच्या तारखांची डायरी सांभाळायचा. आता त्याच पदावरची व्यक्ती व्यवस्थापन समितीत बसते, दुसरी कंपनी विकत घेताना किंमत ठरते त्या चर्चेत असते, आणि ग्राहकांचा डेटा फुटला तर पहिला फोन तिलाच जातो. ही बढती कामाने मिळालेली आहे आणि ती टिकावी असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी: आपल्या कायद्याने या पदाला जवळजवळ काहीच दिलेलं नाही. वकिलीची सनद वापरता येत नाही. मालकाला दिलेला सल्ला गोपनीय राहील याची हमी नाही. कंपनी कायद्यात सक्तीने नेमायच्या पदांत हे पद नाही. त्यामुळे या माणसाचं वजन तीनच गोष्टींवर ठरतं: विषय लीगलकडे केव्हा येतो, लीगल हेड कोणाला रिपोर्ट करतो, आणि तो कागदावर काय लिहितो.

सुरुवात सनदेपासून करतो, कारण इथली चूक अजूनही सर्रास दिसते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला नियम ४९ पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करू देत नाही. नोकरी धरली की राज्याच्या बार कौन्सिलला, आपल्याकडे बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाला, कळवून वकिली स्थगित ठेवावी लागते. २००१ मध्ये सतीश कुमार शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वीज मंडळाच्या विधी अधिकाऱ्याबाबत हाच नियम लागू केला. तरीही 'आपलाच माणूस आहे, वकीलपत्र त्याच्याच नावाने टाका' असं सांगणारे व्यवस्थापक भेटतात. तसं केलं तर त्या वकिलावर गैरवर्तनाची तक्रार होऊ शकते आणि दाव्यात विरुद्ध बाजूला फुकटचा आक्षेप मिळतो. योग्य मार्ग सोपा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २९ नुसार कंपनीचा सेक्रेटरी, संचालक किंवा प्रमुख अधिकारी दाव्यावर सही करू शकतो. त्यासाठी संचालक मंडळाचा ठराव आधीच तयार ठेवावा, त्यात नावं आणि अधिकाराची मर्यादा लिहावी, आणि माणूस नोकरी सोडून गेला की त्याच महिन्यात ठराव बदलावा. जुन्या ठरावावर, दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या अधिकाऱ्याच्या मुखत्यारपत्रावर दाखल झालेले दावे साक्षीच्या टप्प्यावर अडकतात.

गोपनीयतेचा प्रश्न याहून गंभीर आहे. तपास यंत्रणांनी वकिलांना पाठवलेल्या समन्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी निकाल दिला. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या नव्या कायद्याच्या) कलम १३२ चं गोपनीयतेचं संरक्षण कोर्टात वकिली करणाऱ्या अॅडव्होकेटला आहे, कंपनीच्या पगारी, म्हणजे इन-हाऊस, वकिलाला नाही, असं त्यात म्हटलं आहे. कलम १३४ चा आधार मर्यादित आहे: इन-हाऊस वकिलाने कंपनीच्या बाहेरच्या कायदा सल्लागाराशी केलेला पत्रव्यवहार सुरक्षित, पण मालक आणि इन-हाऊस वकील यांच्यातलं बोलणं नाही. मुंबईत याचा धक्का जास्त बसला, कारण मुंबई उच्च न्यायालयाने विजय मेटल वर्क्स प्रकरणात पगारी कायदा सल्लागारालाही जुन्या पुरावा कायद्याखाली संरक्षण मान्य केलं होतं, आणि अनेक विधी विभाग त्या निकालावर चाळीस वर्षं निश्चिंत होते.

यातून कामाची पद्धत बदलावी लागते. वरिष्ठ अधिकाऱ्याविरुद्धची तक्रार, लाचखोरीचा संशय, स्पर्धा आयोगाची चौकशी अशा प्रकरणात पहिल्या दिवशी बाहेरच्या अॅडव्होकेटला लेखी नेमून घ्यावं. चौकशी अर्धी झाल्यावर नेमणूक केली तर आधीचे सगळे मेल उघडे राहतात. नेमणूकपत्रात विषय नेमका लिहावा. कायद्याचं मत त्या वकिलाकडून यावं आणि प्रश्न इन-हाऊस वकिलाने एकाच साखळीत विचारावेत. आलेलं मत बारा जणांना फॉरवर्ड झालं की त्याची गोपनीयता सांगत बसणं अवघड होतं, तेव्हा ज्याला निर्णय घ्यायचा आहे त्यालाच ते पाठवावं. प्रत्येक मेलवर 'प्रिव्हिलेज्ड' (कायद्याने गोपनीय) असा शिक्का मारण्याची सवय तर लगेच सोडावी. कँटीनच्या कंत्राटाच्या मेलवरही तोच शिक्का असेल तर खऱ्या मेलवरच्या शिक्क्याला कोणी विचारत नाही, आणि मुळात शिक्क्याने संरक्षण निर्माण होत नसतं.

काही जण या निकालाचा अर्थ 'आता काही लिहूच नका' असा काढतात. मला तो साफ चुकीचा वाटतो. सल्ला दिला होता याचा कागद हाच उद्या लीगल हेडचा स्वतःचा बचाव असतो. लिहावंच, पण उद्या तिऱ्हाईत वाचेल हे गृहीत धरून लिहावं: वस्तुस्थिती काय, तरतूद कोणती, पर्याय कोणते, शिफारस कोणती. 'हे पकडलं गेलं तर' अशी वाक्यरचना कुठल्याही मेलमध्ये येता कामा नये, कारण तिथे अडचण शब्दांची नसून व्यवहाराचीच असते आणि तो व्यवहार थांबवावा लागतो. पुणे-चाकणच्या ज्या वाहन-सुटे भाग कंपन्यांच्या उपकंपन्या जर्मनीत आहेत, त्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये अक्झो नोबेल प्रकरणात युरोपीय आयोगाच्या स्पर्धाविषयक चौकशीत इन-हाऊस वकिलाचा पत्रव्यवहार संरक्षित नाही असंच ठरवलं आहे. अमेरिकेत तो सर्वसाधारणपणे संरक्षित असतो. एकच मेल-साखळी तीन देशांत फिरत असेल तर सर्वांत कडक देशाचा नियम धरून लिहावं.

आता वेळेबद्दल. लीगल हेड खऱ्या अर्थाने नेतृत्वात आहे की नाही हे ओळखायची माझी कसोटी अशी: टर्म शीट, म्हणजे व्यवहाराच्या मुख्य अटींचा पहिला कागद, त्याने सहीपूर्वी पाहिली की सहीनंतर? 'ती बंधनकारक नाही, नंतर बघू' हे वाक्य महागात पडतं. कायद्याने बंधनकारक नसली तरी व्यवहाराची चौकट तिथे पक्की होते, आणि नंतर सुचवलेला प्रत्येक बदल समोरच्याला शब्द फिरवल्यासारखा वाटतो. एक्सक्लुझिव्हिटीचा (दुसऱ्या कोणाशी बोलणी न करण्याचा) काळ, आगाऊ रक्कम कोणत्या कारणाने परत मिळेल, लवादाची जागा, व्यवहार पूर्ण होण्याआधीच्या अटी, एवढं तरी टर्म शीटच्या मसुद्यावर वकिलाने वाचलेलं असावं.

त्यात स्पर्धा कायद्याचा हिशेब आता पहिल्याच बैठकीत करावा लागतो. १० सप्टेंबर २०२४ पासून व्यवहाराचं मूल्य २,००० कोटी रुपयांच्या वर असेल आणि विकत घ्यायच्या कंपनीचा भारतात ठोस व्यवसाय असेल, तर तिची मालमत्ता-उलाढाल लहान असली तरी स्पर्धा आयोगाची आधी मंजुरी लागते. आयोगाला निर्णयासाठी जास्तीत जास्त १५० दिवसांची मुदत आहे. सीईओने 'दोन महिन्यांत क्लोजिंग' असं बँकेला सांगून झाल्यावर ही गोष्ट कळली तर कर्जाच्या अटींपासून सगळं हलतं. त्याहून वाईट म्हणजे विक्री विभागाने उत्साहाच्या भरात मंजुरीपूर्वीच समोरच्या कंपनीच्या दरयाद्या मागवणं, ग्राहकांना एकत्र भेटणं. दंड उलाढाल, मालमत्ता किंवा व्यवहारमूल्य यांतल्या मोठ्या आकड्याच्या १ टक्क्यापर्यंत जाऊ शकतो. कोण कोणाशी काय बोलू शकतो याचं एक पानी टिपण पहिल्या आठवड्यात दोन्हीकडच्या टीमला देणं हे लीगल हेडचं काम आहे.

माझ्या मते मात्र लीगल हेडचं वजन सर्वांत जास्त वाढतं ते आकड्यांनी. बहुतेक कंपन्यांत खटल्यांचा तक्ता असतो आणि त्यात 'स्थिती' या रकान्यात 'प्रलंबित' लिहिलेलं असतं. सीएफओला (वित्तप्रमुखाला) त्याचा काही उपयोग नाही. त्याला हवं ते असं: मूळ मागणी, आजपर्यंतचं व्याज, टप्पा, पुढची तारीख, हरण्याची शक्यता आणि तिचं कारण, कमी-मध्यम-जास्त अशी रकमेची पट्टी, आतापर्यंतची फी, शेवटापर्यंतची अंदाजे फी, अडकलेली बँक गॅरंटी. व्याजाचा रकाना सर्वांत जास्त वगळला जातो आणि तोच सर्वांत जास्त बोलतो. १० कोटींची मागणी, दर १२ टक्के सरळव्याज, सहा वर्षं झाली, म्हणजे ७.२ कोटी व्याज. मंडळासमोर १० चा दावा म्हणून ठेवलेला विषय प्रत्यक्षात १७.२ कोटींचा आहे.

सूक्ष्म-लघु पुरवठादारांच्या बाबतीत तर हे आणखी तीव्र होतं. लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे पैसे थकवता येत नाहीत, आणि थकले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ होणारं व्याज लागतं. बँक रेट ६ टक्के धरला तर वर्षाला १८ टक्के, महिन्याला दीड. या दराने मुद्दल चार वर्षांच्या आतच दुप्पट होतं. शिवाय अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी सुविधा परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर खरेदीदार कंपनीला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. 'लढू, बघू काय होतं ते' असं म्हणणाऱ्या खरेदी विभागासमोर हा हिशेब ठेवला की तडजोडीची बैठक त्याच आठवड्यात होते.

हेच आकडे ताळेबंदात जातात. इंड एएस ३७ या लेखांकन मानकानुसार पैसे जाण्याची शक्यता न जाण्यापेक्षा जास्त असेल आणि रकमेचा विश्वासार्ह अंदाज करता येत असेल तर हिशेबात तेवढ्या रकमेची तरतूद करावी लागते. तितकी नसेल तर आकस्मिक दायित्व म्हणून टिपेत दाखवावं लागतं. अगदीच दूरची असेल तर दाखवायची गरज नाही. लेखापरीक्षक दर तिमाहीला विचारतात आणि लीगल टीम बाहेरच्या वकिलाचं 'आपली बाजू भक्कम आहे' हे पत्र पुढे करते. प्रत्येक खटल्यात तेच पत्र येत असेल तर ते निरुपयोगी आहे. बाहेरच्या वकिलाला विचारायचे प्रश्न वेगळे आहेत: कोणता पुरावा आपल्याकडे नाही? कोणता साक्षीदार कंपनी सोडून गेला? मागणीतला कोणता भाग नक्की मान्य होईल? लवादाच्या निवाड्याविरुद्ध गेलो तर स्थगितीसाठी किती रक्कम भरायला सांगितली जाईल?

मर्क या अमेरिकन औषध कंपनीत २००४ मध्ये व्हायॉक्स हे वेदनाशामक औषध बाजारातून मागे घेतल्यावर हजारो दावे आले. तेव्हाचे जनरल कौन्सेल (लीगल हेड) केनेथ फ्रेझियर यांनी आधी एकेक खटला लढवला, त्यातून दाव्यांची खरी किंमत समोर आली, आणि नोव्हेंबर २००७ मध्ये ४.८५ अब्ज डॉलरमध्ये तडजोड झाली. २०११ मध्ये ते त्याच कंपनीचे सीईओ झाले. कायद्याचं ज्ञान त्यांच्या बरोबरीच्या अनेकांकडे होतं; जोखमीला किंमत लावून त्यावर वर्षानुवर्षं ठाम राहणं दुर्मीळ होतं.

सूचीबद्ध कंपनीत आकड्यांना घड्याळही जोडलेलं आहे. सेबीच्या लिस्टिंग नियमांतल्या नियम ३० प्रमाणे मंडळाच्या निर्णयांची माहिती शेअर बाजाराला बैठक संपल्यावर ३० मिनिटांत (बाजार बंद झाल्यावर बैठक संपली तर ३ तासांत), कंपनीच्या आतून घडलेली गोष्ट १२ तासांत, बाहेरून आलेली २४ तासांत सर्वसाधारणपणे द्यावी लागते. रकमेची कसोटी उलाढालीच्या २ टक्के, नेट वर्थच्या २ टक्के किंवा तीन वर्षांच्या सरासरी नफा-तोट्याच्या ५ टक्के, यांतली जी सर्वांत कमी ती. २,००० कोटी उलाढाल, ८०० कोटी नेट वर्थ आणि सरासरी ६० कोटी नफा असलेल्या कंपनीत हे आकडे ४० कोटी, १६ कोटी आणि ३ कोटी येतात. म्हणजे ३ कोटींच्या वरचा दावा महत्त्वाचा ठरू शकतो. 'आपण दोन हजार कोटींची कंपनी, साडेतीन कोटींचं काय एवढं' ही समजूत इथे फसते.

आणि कागद मुळात पोहोचतोच कुठे? कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीच्या हातात. तो आवक रजिस्टरमध्ये चढतो, अॅडमिनकडे जातो, तिथे चार दिवस राहतो. व्यापारी दाव्यात समन्स बजावल्यापासून १२० दिवसांत लेखी उत्तर गेलं नाही तर उत्तराचा हक्कच संपतो, आणि ती मोजणी गेटवरच्या शिक्क्यापासून सुरू होते. जीएसटीच्या नोटिसा पोर्टलवर येतात आणि लॉगिन ज्याच्याकडे होतं तो कन्सल्टंट बदललेला असतो. उपाय अगदी साधा आहे: प्रत्येक ठिकाणी नावाने एक माणूस, त्याच्या रजेसाठी दुसरा, आलेला कागद त्याच दिवशी स्कॅन करून एका ठरलेल्या मेल-पत्त्यावर, आणि दर सोमवारी सगळ्या पोर्टलची लीगलकडून तपासणी. सायबर घटनेत तर सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ६ तासांत कळवायचं असतं; त्या वेळी मसुदा लिहायला बसणारी टीम उशीरच करणार. कोरा नमुना, कळवायच्या अधिकाऱ्यांची नावं, रात्रीचे फोन नंबर आधी भरून ठेवावेत. डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्यात सुरक्षेतल्या कसुरीचा दंड २५० कोटींपर्यंत आहे.

करारांच्या कामाबद्दल थोडक्यात. मोठा वेळ छोट्या करारांत जातो, म्हणून ठरावीक रकमेखालचे नमुन्यातले करार लीगलशिवाय जाऊ द्यावेत, आणि बाकीच्यांसाठी प्रत्येक कलमाची पहिली भूमिका, माघारीची भूमिका आणि 'इथून पुढे सीईओला विचारा' ही रेषा लिहून ठेवावी. पण त्याआधी जुने नमुने तपासा. 'वाद झाल्यास कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक एकमेव लवाद नेमतील' हे कलम अजून असंख्य पर्चेस ऑर्डरवर छापलेलं आहे. २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालानंतर ते टिकत नाही, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठानेही एकतर्फी नेमणुकीला नकार दिला. अशा लवादाने दिलेला निवाडा जिंकूनही हातचा जाऊ शकतो. मुद्रांकाचंही तसंच. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अनेक दस्तांचं किमान शुल्क १०० वरून ५०० रुपये झालं, तरी शंभराच्या कागदावर करार होतच आहेत. दिल्लीत सही झालेला पण इथल्या कामाशी संबंधित करार महाराष्ट्रात आला तर फरकाचं शुल्क भरावं लागतं, आणि कमी भरलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के दंड चढतो. हे कळतं केव्हा, तर करार कोर्टात पुढे करायची वेळ येते तेव्हा.

शेवटचा मुद्दा रिपोर्टिंगचा. कंपनी कायद्याचं कलम २०३ सूचीबद्ध कंपन्यांना व्यवस्थापकीय संचालक किंवा सीईओ, कंपनी सेक्रेटरी आणि सीएफओ नेमायला सांगतं. लीगल हेड त्यात नाही. पण व्याख्येच्या कलम २(५१) मुळे संचालकांच्या एक पायरी खालच्या पूर्णवेळ अधिकाऱ्याला मंडळ 'प्रमुख व्यवस्थापकीय व्यक्ती' म्हणून घोषित करू शकतं. पद वाढतं, आणि सोबत कलम २(६०) खाली 'कसूरदार अधिकारी', म्हणजे कंपनीच्या कसुरीला व्यक्तिशः जबाबदार, ठरायची शक्यताही येते. दोन्ही बाजू समजून मगच हो म्हणावं. लीगल हेड सीएफओच्या हाताखाली असेल तर खटल्यांच्या तरतुदीवर मतभेद झाला की तो मंडळापर्यंत पोहोचत नाही; हे मी संघटनेच्या आराखड्यातलं सर्वांत घातक रेषांकन मानतो. कंपनी सेक्रेटरी आणि लीगल हेड एकच व्यक्ती असणंही मध्यम कंपन्यांत रूढ आहे. खर्च वाचतो, पण व्यवहार पुढे रेटणारा आणि त्याच्या कायदेशीरपणाचं प्रमाणपत्र देणारा एकच होतो. तसं ठेवायचंच असेल तर कायदेपालनाची तपासणी अंतर्गत लेखापरीक्षकाकडे द्या. कंपनी कायद्याच्या कलम १३४(५) नुसार संचालक दरवर्षी लिहून देतात की कायदेपालनाची यंत्रणा पुरेशी आहे आणि चालते आहे. सॉफ्टवेअरवर सगळं हिरवं दिसतं, कारण कारखान्यातला क्लार्क महिनाअखेरीला टिकमार्क करतो. दर तिमाहीला प्रत्येक ठिकाणच्या दहा नोंदी उचलून पुरावा मागवा: प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्राची तारीख, कंत्राटदाराच्या पीएफ चलनावरची कामगारसंख्या आणि गेटवरची हजेरी. चार श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यामुळे जुन्या कायद्यांची नावं असलेल्या नोंदी तर मुळापासूनच बदलायला हव्यात.

लीगल हेड म्हणून नवी नोकरी स्वीकारताना पगाराच्या आधी चार गोष्टी लेखी मागाव्यात. थेट सीईओ किंवा व्यवस्थापकीय संचालकाला रिपोर्टिंग. ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांना व्यवस्थापनाशिवाय, तिमाहीतून किमान एकदा भेटण्याचा अधिकार. नेमणूक आणि पदमुक्ती या दोन्हींची मंडळाला सकारण माहिती. आणि संचालक-अधिकारी दायित्व विमा पॉलिसीत 'विमाधारक व्यक्ती'च्या व्याख्येत आपलं पद आहे का, चौकशीच्या टप्प्यावरचा वकिलांचा खर्च मिळतो का, नोकरी सोडल्यावरही आधीच्या कामासाठी संरक्षण राहतं का, हे पाहण्यासाठी पॉलिसीची पूर्ण प्रत. एजंटने दिलेलं एक पानी सारांशपत्र त्यासाठी पुरत नाही.